गोंडाचा रकाना



१४ ऑक्टोबर १९५६ ला याच नागपुरात आपल्या आजा-आज्यांनी देव्हारे सोडले, धम्म घेतला. बौद्ध झालो म्हणून केंद्राच्या सवलतींतून आपलं नाव कटलं. ते परत यायला १९९० उजाडलं.

आता गोंडाचं बघा. माघी पौर्णिमेला गोंदियाकडच्या कचारगडला तो जमतो, पेनाला पुजतो, म्हणतो, माझा धर्म कोयापुनेम. इंग्रजाच्या जनगणनेत आदिवासींचा धर्म वेगळा मोजत; स्वातंत्र्यानंतर तो रकानाच गेला. २०११ ला दहा लाखांवर लोकांनी आपला धर्म गोंड सांगितला. सरकारनं त्यांना 'इतर'मध्ये टाकलं. कित्येकांची तक्रार अशी, की न विचारताच 'हिंदू' लिहून नेलं.

पण सरकारचं सोडा. आपल्यातलेच शिकलेसवरलेले पेनाला अंधश्रद्धा म्हणून हसतात. मीही हसलोय. बावीस प्रतिज्ञा आपण घेतल्या, आपल्या मर्जीनं. गोंडानं कधी घेतल्या? कोंबड्या-बकऱ्याच्या बळीवर, करणीवर भांडू की त्याच्याशी, तोंडावर भांडू. पण त्याचा धर्म हा धर्मच नाही, असं म्हणायचा मक्ता आपल्याला कुणी दिला?

येत्या जनगणनेत प्रगणक गोंडाच्या दारात येईल, तेव्हा शेजारच्या बौद्धानं तिथं जाऊन उभं राहायचं. म्हणायचं, साहेब, आधी त्याला विचारा. तो सांगेल तेच भरा.