झडीचा दिवस

थंड मुलखांत हिवाळ्याच्या एखाद्या रात्रीं मुकाट्यानें बर्फ पडतो, आणि सकाळीं रस्ते बुजलेले पाहून शाळा बंद ठेवाव्या लागतात. अशा अवचित सुट्टीचें तेथील मुलांना केवढें अप्रूप असतें! नागपूरच्या मुलांच्या नशिबीं बर्फ नाहीं. २९ डिसेंबर २०१८ रोजीं येथील पारा ३.५ अंश सेल्सिअसपर्यंत उतरला, तेव्हां शहर कुडकुडलें खरें. पण बर्फ कांहीं पडला नाहीं. तथापि आकाशानेंच बाहेरची वाट अडवावी आणि सारें कुटुंब एका छपराखालीं आणून बसवावें, हा अनुभव नागपूरकरांना नवा नाहीं. त्याचें येथील नांव ‘झड’.

सर आणि झड यांत भेद आहे. सर पाहुणीसारखी येते, घटकाभर बोलते आणि निघून जाते. झड मात्र बिऱ्हाड घेऊनच येते. बंगालच्या उपसागरावर कमी दाबाचें क्षेत्र निर्माण होऊन तें ओरिसा व छत्तीसगड ओलांडीत पश्चिमेकडे सरकूं लागलें, म्हणजे विदर्भावर ढगांचें छत पसरतें आणि दोन दोन, तीन तीन दिवस सूर्यदर्शन होत नाहीं. एरवीं तिचा पाऊस संथ असतो. पण मनांत आणलें म्हणजे तीच झड रौद्र रूपही धारण करते. १४ जुलै १९९४ रोजीं नागपुरांत एका दिवसांत ३०४ मिलिमीटर, म्हणजे जवळजवळ बारा इंच पाऊस नोंदला गेला. वर्षाच्या पावसाचा सुमारें चौथा हिस्सा एका दिवसांत!

अतिवृष्टीचा इशारा मिळाला कीं जिल्हाधिकारी शाळांना सुट्टी जाहीर करतात. ती बातमी आतां मोबाइलवरून घरोघरीं पोंचते, आणि दप्तरें कोपऱ्यांत जाऊन पडतात. एरवीं ज्या घरांत चार माणसांचीं तोंडें चार दिशांना असतात, तेथें तीं एकाच खोलींत दिसूं लागतात. आजोबा वर्तमानपत्राचीं भिजलेलीं पानें एकेक करून पंख्याखालीं वाळवितात. आजीच्या भोंवतीं सागरगोटे मांडले जातात. कोठें सारीपाटाचा डाव पडतो, कोठें पत्त्यांचा. दुपारीं स्वयंपाकघरांतून गोळाभाताचा वास दरवळतो. हरभऱ्याच्या डाळीच्या भरड्याचे गोळे भाताच्या वाफेंत शिजलेले असतात. त्यांवर हिंग-मोहरीची कडकडीत फोडणी आणि लिंबू! संध्याकाळीं भुट्टे भाजले जातात. मीठ-तिखट लावलेल्या त्या कणसांवरून भावंडांची भांडणें होतात, आणि कणसें संपण्याच्या आंतच तीं मिटतातही.

या दिवसाची खरी गोडी खाण्यापिण्यांत नाहीं. कोणालाही कोठें जावयाचें नाहीं, यांत आहे. वेळ पडून राहिला म्हणजे वडील माणसें बोलूं लागतात. १९४८ सालच्या जुलै महिन्यांत नागपूरचें आकाशवाणी केंद्र सुरू झालें. त्यानंतरच्या किती तरी झडी या शहरानें रेडिओभोंवतीं बसून काढल्या असतील! महालांतील जुन्या वाड्याचा चौक कसा भरत असे, नाग नदीचें पाणी कोठपर्यंत येत असे, कोणत्या वर्षीं पोळ्याचे बैल भिजत उभे राहिले, हें कोणत्याही क्रमिक पुस्तकांत नसतें. तें नातवंडांच्या कानीं पडतें तें अशाच दुपारीं. शाळा बंद असते. शिक्षण बंद नसतें.

परंतु हें सुख आयतें पडत नाहीं. पूर्वीं झडीची तयारी वैशाखांत सुरू होई. उन्हांत कवेलू चाळून घेत, लाकूडफाटा आंत रचून ठेवीत. घरच्या व शेजारच्या बायका एकत्र जमून पापड लाटीत, सांडगे व मुगवड्या घालीत. वैशाखाच्या उन्हांत ज्यांनीं पाठ भाजून घेतली, त्यांच्याच पुण्याईवर श्रावणांत घर पंगतीला बसे. आज कवेलूंच्या जागीं सिमेंटची गच्ची आणि चुलीच्या जागीं गॅस आला. तरी हिशेब तोच आहे. बापांना सुट्टी, मुलांना सुट्टी, आणि घरच्या बाईला मात्र दुप्पट काम, अशी झड पुष्कळ घरांत साजरी होते. दर तासाला चहा आणि दर दोन तासांनीं भजी मागणाऱ्यांनीं भांडीं कोणी घासावयाचीं, याचाही विचार करावा. कामाला येणारी बाई त्या दिवशीं पुरांतून यावी अशी अपेक्षा धरणें तर अमाणुसकीचें होय. तिच्याही घरीं मुलें असतात. तिचेंही छप्पर कदाचित् गळत असतें. सर्वांनीं मिळून भांडीं घासलीं, तर तोही एक खेळच होतो.

झडीला दुसरीही एक बाजू आहे, आणि ती नागपूरनें जवळून पाहिली आहे. ‘पोळा, पाऊस झाला भोळा’ असें विदर्भांत म्हणतात. म्हणजे पोळ्यानंतर पावसाचा जोर ओसरतो. २०२३ सालीं १४ सप्टेंबरला पोळा झाला. पुढें गणपति बसले, महालक्ष्म्या आल्या, आणि २२ तारखेला घरोघरीं महालक्ष्मीचें जेवण झालें. त्याच रात्रीं भोळा म्हणविणाऱ्या पावसानें उग्र रूप धारण केलें. कांहीं तासांतच शंभर मिलिमीटरहून अधिक पाऊस कोसळला. अंबाझरी तलाव ओसंडला, नाग नदी फुगली. २३ तारखेच्या पहाटे अंबाझरी लेआउट, डागा लेआउट, कॉर्पोरेशन कॉलनी या वस्त्यांतील माणसें झोपेंतून उठलीं तीं पाण्यांतच. जेथें आदल्या दिवशीं पंगती बसल्या होत्या, तेथें पलंग तरंगूं लागले. माणसांना नावेंतून बाहेर काढावें लागलें. मदतीस सैन्य आलें. कांहींचे प्राणही गेले. त्या दिवशीं शाळांना सुट्टी होती. उंचावरील वस्त्यांतल्या मुलांना ती सुट्टी वाटली. सखल वस्त्यांतल्या मुलांनीं तोच दिवस ओल्या वह्या उचलण्यांत घालविला.

एकाच पावसाचीं हीं दोन रूपें पाहिलीं म्हणजे कोणाच्याही मनांत येईल कीं, झडीच्या दिवशीं आनंद मानूंच नये कीं काय? तसें मुळींच नाहीं. आनंद हा चोरीचा माल नव्हे, कीं तो लपवावा. मात्र ज्या गोष्टींवर तो उभा आहे, त्यांची जाण हवी. नाग नदी वाहती राहिली, तिच्या पात्रांत राडारोडा व प्लॅस्टिक पडलें नाहीं, तलावाच्या सांडव्याची वाट मोकळी राहिली, तरच सखल वस्तींतील मूलही त्या दिवशीं सोंगट्या खेळूं शकेल. पूर्वींचा गृहस्थ वैशाखांत आपलें छप्पर पाहून घेई. आजच्या नागरिकानें त्याबरोबर आपल्या गल्लींतील नालीही पाहून घ्यावी. सारें शहर पाण्याच्या एकाच उतारावर वसलेलें आहे. वरच्यानें टाकलेलें खालच्याच्या दारांत येतें.

पुढची झड येईल तेव्हां मुलांना घरांत डांबल्यासारखें वाटूं देऊं नये. त्यांना खिडकीशीं बसवावें, पावसाचें पाणी कोठून येतें आणि कोठें जातें हें दाखवावें, गोळाभात पोटभर वाढावा. आणि शेजारच्या एकट्या म्हाताऱ्या माणसाकडे एक झांकलेलें ताट पाठवावयाचें असेल, तर तें मुलांच्याच हातीं द्यावें. छत्री धरून, ताट सांभाळीत, चार घरें ओलांडून गेलेलें मूल त्या सुट्टींत जें शिकतें, तें फळ्यावर लिहून शिकवितां येत नाहीं.