नव्या कचेरीत रुळताना

(मंडळाच्या वर्धापनदिनी केलेले भाषण)



नोकरी कशी मिळवावी हे सांगणारे पुष्कळ आहेत. मिळालेल्या नव्या जागी रुळावे कसे, यावर मी चार शब्द बोलणार आहे. आपल्या वडिलांच्या पिढीत माणूस रेल्वेत किंवा गिरणीत चिकटला की बहुधा तिथूनच निवृत्त व्हायचा. आता लेकीसुना दर तीन-चार वर्षांनी जागा बदलतात, आणि माझ्यासारखी एखादी 19 वर्षांनी, ऐन पंचेचाळिशीत बदलते.

मी हिशेबाच्या कामातली. जमाखर्च सगळीकडे सारखाच, जी.एस.टी.ची विवरणपत्रेही तीच. पण बिल आधी कुणाच्या टेबलावर जाते, साहेबांना फोन केलेला चालतो की समोर जाऊन उभे राहावे लागते, हे काही नेमणूकपत्रात लिहिलेले नसते. जुन्या जागी सगळ्याजणी मला विचारायला येत. इथे शिक्का कुठे ठेवतात हेसुद्धा मला चोवीस वर्षांच्या मुलीला विचारावे लागले. तिसऱ्यांदा विचारताना जीभ अडखळली, तर तीच म्हणाली, “ताई, विचारा हो! मलाही कुणीतरी सांगितलंच होतं ना.” मग मी एक वही केली आणि ऐकलेले त्यात टिपू लागले.

“आमच्याकडे असं नव्हतं” हे वाक्य मी तीन महिने तोंडातून काढले नाही. सासरी येऊन उठल्यासुटल्या माहेरच्या आमटीचे कौतुक करणारी सून आपण सर्वांनी पाहिलेली आहे! इथे धनादेश दोन वह्यांत नोंदवीत. मी आधी कारण विचारले. पूर्वी कचेरीच्या दोन शाखा होत्या, त्यांतली एक केव्हाच बंद झाली होती. वही मात्र चालूच होती. चौथ्या महिन्यात मी एकच वही ठेवण्याचे सुचवले, आणि ते लगेच मान्य झाले.

“जुळवून घे” हा उपदेश आपणा बायकांना फार ऐकावा लागतो. कामाच्या रीतीपुरता तो ठीक आहे. हक्काच्या पैशांत कसले जुळवून घ्यायचे? भविष्यनिर्वाह निधीचा यू.ए.एन. क्रमांक जन्मभर एकच राहतो, पण जुन्या खात्यातली रक्कम नव्या खात्यात आली की नाही, हे आपणच पाहावे लागते. जुन्या मालकाने नोकरी सोडल्याची तारीख नोंदवली नसेल, तर सारे तिथेच अडते. माझे तसेच अडले होते. शेवटचा हप्ता भरल्यावर दोन महिन्यांनी ती तारीख आपली आपल्याला नोंदवता येते. मी तेच केले. पुष्कळजणी मात्र “कटकट नको” म्हणून पैसे काढून मोकळ्या होतात. पेन्शनला 10 वर्षांची नोकरी लागते. ती भरण्याआधीच पेन्शनचेही पैसे काढले, तर मागची वर्षे पुसली जातात. कायम नोकरीत ग्रॅच्युइटीची 5 वर्षेही नव्या मालकाकडे पुन्हा पहिल्यापासून मोजायची. शिवाय लेकीसुनांना एवढे जरूर सांगा, की प्रसूतीच्या अपेक्षित तारखेआधीच्या 12 महिन्यांत त्या मालकाकडे किमान 80 दिवस काम झालेले असेल, तर पगारी रजेचा हक्क लागू होतो. जागा बदलताना हे दिवस बोटांवर मोजावेत.

आता थोडे घराविषयी. पुरुष नव्या नोकरीला लागला, की आठवडाभर घर त्याच्याभोवती पाय न वाजवता वावरते. बाई लागली, तर पहिल्याच संध्याकाळी विचारतात, “आज उशीर का?” आमच्या घरीही विचारले. मी लोकलची नवी वेळ कागदावर लिहून स्वयंपाकघरात चिकटवली आणि संध्याकाळचा कुकर लावण्याचे काम मुलाकडे सोपवले. पहिले चार दिवस भात चिकट झाला. आम्ही तो निमूटपणे खाल्ला.

ज्यांना निधीचे कागद भरायचे असतील, त्यांनी येत्या शनिवारी दुपारी मंडळात यावे. येताना आधार कार्ड आणि त्याला जोडलेला मोबाईल बरोबर असू द्या; पासबुक कसे पाहायचे तेही मी दाखवीन.