सड्यावरचे शोधक

रत्नागिरीच्या सड्यांवरची, म्हणजे जांभ्याच्या पठारांवरची, कातळशिल्पं आज जगाला ठाऊक आहेत. ती शोधणाऱ्या मंडळींत मात्र नोकरीवर असलेला पुरातत्त्वज्ञ सुरुवातीला नव्हताच. सुधीर रिसबूड पेशानं अभियंता, ओढा पक्षिनिरीक्षणाकडे. डॉ. सुरेंद्र ठाकूरदेसाई भूगोलाचे प्राध्यापक. धनंजय मराठे त्यांचे सहकारी. गावोगावच्या गुराख्यांना, शेतकऱ्यांना विचारत ही माणसं उन्हातान्हात जांभ्याचे सडे तुडवत राहिली. खरं ज्ञान गुराख्यांकडेच होतं, असं मला वाटतं. या मंडळींनी ते नकाशावर आणलं.

कशेळी गावच्या सड्यावर कोरलेला हत्ती सुमारे 18 मीटर लांब आणि 13 मीटर रुंद आहे, आणि त्याच्या अंगात कितीतरी लहान प्राणी कोरलेले! या कातळशिल्पांत गेंडाही भेटतो, जो आज कोकणात कुठंच नाही. देवाचे गोठणे इथल्या कातळशिल्पापाशी तर होकायंत्राची सुईच भरकटते.

2022 मध्ये युनेस्कोच्या जागतिक वारशाच्या तात्पुरत्या यादीत कोकणातल्या कातळशिल्पांची नऊ स्थळं आली. त्यांतली सात रत्नागिरी जिल्ह्यातली. तुमच्या सड्यावर असं काही दिसलं, तर त्यावर चुना किंवा खडू ओढू नका. फोटो काढा आणि पुरातत्त्व खात्याला कळवा.