साडेआठ महिन्यांचा जगज्जेता



फेब्रुवारी १९९० मध्ये बस्टर डग्लस माइक टायसनशी लढायला टोकियोला गेला, तेव्हा तो जिंकेल असं म्हणणारा शोधून सापडला नसता. हेवीवेट जगज्जेत्या टायसनच्या ३७ लढती, ३७ विजय. लास व्हेगासच्या मिराज कॅसिनोत डग्लसचा भाव होता एकास ४२.

डग्लस ओहायोतल्या कोलंबसचा. वडील बिली डग्लसही मुष्टियोद्धेच. पोराच्या हातात कसब आहे, पण चिकाटी नाही, असं बोललं जाई. १९८७ साली टोनी टकरविरुद्ध किताबाच्या लढतीत तो बरा लढत होता, आणि दहाव्या फेरीत ढेपाळला. टोकियोच्या लढतीला तीनेक आठवडे उरले असताना त्याची आई वारली. तरी त्यानं लढतीतून अंग काढून घेतलं नाही.

११ तारखेला टोकियो डोममध्ये त्याच्या लांब डाव्या हाताचे जॅब टायसनला जवळच येऊ देईनात. टायसनचा डोळा सुजून मिटू लागला. सूज दाबायचं साधनही त्याच्या माणसांनी आणलं नव्हतं. गार पाणी भरलेला रबरी हातमोजा डोळ्यावर धरायची वेळ आली! आठव्या फेरीत एका अपरकटनं डग्लस आडवा झाला, पण पंचांनी दहा म्हणायच्या आत उठला. दहाव्या फेरीत मात्र टायसनच पडला. गुडघ्यांवर रांगत त्यानं माऊथगार्ड चाचपडून उचललं, कसंबसं वाकडंतिकडं दातांत धरलं, आणि उठेपर्यंत मोजणी संपली होती.

आठव्या फेरीतली मोजणी लांबली, अशी तक्रार टायसनचे प्रवर्तक डॉन किंग यांनी केली. ती टिकली नाही. मग करारांवरून कोर्टकज्जे सुरू झाले. डग्लसचा सराव मागे पडला आणि अंग सुटलं.

२५ ऑक्टोबरला, त्याच मिराजमध्ये, किताब राखायच्या लढतीत समोर इव्हँडर होलिफील्ड होता. टोकियोत १०५ किलो भरलेला डग्लस आता १११ किलोंच्या वर गेला होता. मानधन मात्र दोन कोटी डॉलरहून जास्त. तिसऱ्या फेरीत त्यानं लांबूनच अपरकट मारला. तो हुकला आणि होलिफील्डचा उजवा ठोसा थेट तोंडावर बसला. डग्लस पाठीवर पडला, हातमोज्यानं तोंड पुसलं आणि पडूनच राहिला.

टोकियोचा विजय म्हणजे लागलेला मटका, असं आजही काही जण म्हणतात. मला ते पटत नाही. नऊ फेऱ्या टायसनला जॅबवर रोखून धरणं हे नशिबाचं काम नव्हे, ती तयारी होती. मिराजमध्ये तीच नव्हती. पुढे १९९४ साली हा माणूस मधुमेहामुळे कोमात गेला. त्यातून वाचला, वजन उतरवलं आणि १९९६ साली पुन्हा रिंगमध्ये येऊन लढती जिंकला. कष्ट त्याला जमत होतेच. किताब हाती असताना तेवढे त्यानं केले नाहीत.