उरलेले वाद्य
(मंडळाच्या वर्धापनदिनी केलेले भाषण)



वर्धापनदिनाला कोणीतरी एका मोठ्या माणसाचे चरित्र सांगायचे, असा आपला प्रघात आहे. आनंदीबाई जोशी झाल्या, गाडगेबाबा झाले. यंदा माझी पाळी. वहिनींनी विचारले, "कोणावर बोलणार?" मी म्हटले, "बिल मन्रो." त्यांना वाटले, इंग्रजांच्या वेळचा कोणी कलेक्टर असावा. कलेक्टर नव्हे, अमेरिकेतला मॅन्डोलिन वाजवणारा. मी सातवी शिकलेली बाई. हे सारे मला माझ्या धाकट्या मुलीने वाचून दाखवले, म्हणून ठाऊक झाले. उच्चार चुकले तर सांभाळून घ्या.

आमच्या मामंजींचे एक मॅन्डोलिन घरात होते. तरुणपणी ते गणेशोत्सवातल्या ऑर्केस्ट्रात वाजवीत. त्यांच्यामागे ते उशीच्या अभ्र्यात घालून खुंटीला टांगलेले होते. दिवाळीची झाडलोट करताना मी खाली काढायची, पुसायची, पुन्हा टांगायची. त्याला आठ तारा असतात, दोन दोन मिळून चार जोड्या. जोडीतल्या दोन्ही तारा एकाच सुरात लावायच्या आणि हातातल्या लहानशा चकतीने छेडायच्या. आमच्या मॅन्डोलिनला पाचच तारा उरल्या होत्या. धाकटीने ते खाली काढले आणि त्या पाच तारांवरच वाजवायला लागली. तारा विकत आणू म्हटले तर म्हणाली, "आई, बिल मन्रोला तर चारच होत्या."

ती गोष्ट अशी. मन्रोंचा जन्म १३ सप्टेंबर १९११ चा, केंटकी राज्यातल्या रोझीन गावाजवळचा. शेतकऱ्याचे घर, आठ भावंडे, बिल सर्वांत धाकटा. आई स्वतः फिडल आणि अकॉर्डियन वाजवणारी. फिडल म्हणजे आपले व्हायोलिनच. घरात सगळ्यांना गाण्यावाजवण्याचा नाद. थोरल्या बर्चने फिडल घेतले, चार्लीने गिटार घेतली. धाकट्याने काय घ्यायचे? उरले मॅन्डोलिन. त्यातही भावांनी बजावले, की आठातल्या चार तारा काढून टाक, तुझा आवाज फार मोठा होता कामा नये. हे मन्रोंनीच पुढे सांगितले आहे.

भगिनींनो, तुमच्यात ज्या शेंडेफळ असतील त्यांना हे वेगळे समजावून सांगायला नको. शेंडेफळ लाडके असते म्हणतात. मी चार बहिणींत धाकटी. परकर थोरलीचा, पुस्तके मधलीची, आणि सातवीनंतर शाळेचे पैसेच उरले नाहीत.

पण धाकटीने मला हे चरित्र वाचून दाखवले ते तारांमुळे नव्हे. बिलचा एक डोळा तिरळा होता, नजरही अधू होती. पोरे चिडवायची. रस्त्याने परके कोणी येताना दिसले की हा मुलगा गोठ्यात जाऊन लपायचा. हे वाक्य वाचताना ती थांबली. मीही हातातली भाजी निवडायची थांबले. आमच्या धाकटीचा डावा डोळा तसा आहे, ते तुम्हा सर्वांना ठाऊक आहे. तीन वर्षांपूर्वी एका स्नेहसंमेलनात तिला गाण्याच्या रांगेतून काढून मागे बसवले. फोटो काढायचे होते म्हणे. तेव्हापासून घरी पाहुणे आले की ती माळ्यावर जाते. आपल्याकडच्या हळदीकुंकवालाही ती दोन वर्षांत आलेली नाही.

असो. बिल दहा वर्षांचा असताना आई गेली. सोळाव्या वर्षी वडील गेले. भावंडे पोटासाठी पांगली. हा राहिला मामाजवळ. पेन व्हॅन्डिव्हर हे मामाचे नाव, पायाने अधू, डोंगरावरच्या झोपडीत एकटा राहणारा. पण फिडल अशी वाजवी की आसपासच्या नाचाच्या कार्यक्रमांना त्याच्याशिवाय चालत नसे. मामा पुढे, भाचा मागे, असे दोघे एका खेचरावर बसून रात्री कार्यक्रमाला जात. मामाची फिडल, भाच्याची साथ. त्या मामावर मन्रोंनी पुढे गाणे रचले आणि १९५० साली त्याची रेकॉर्ड काढली. दुसरे गुरू आर्नल्ड शुल्ट्झ, कोळशाच्या खाणीत काम करणारे काळे गृहस्थ, गिटार वाजवण्यात तरबेज. त्या काळी तिकडे गोऱ्याकाळ्यांची शिवाशीव आपल्याकडच्यासारखीच होती. तरी हा गोरा मुलगा त्यांच्याबरोबर रात्ररात्र वाजवायला बसे आणि त्यांच्यापासून शिकलो हे जन्मभर सांगत राहिला.

अठराव्या वर्षी बिल भावांपाठोपाठ इंडियानात गेला आणि तेलाच्या कारखान्यात पिंपे धुवायला, उचलायला लागला. पुढे १९३४ पासून तो आणि चार्ली, दोघे मिळून रेडिओवर गाऊ लागले. १९३६ पासून रेकॉर्डीही निघाल्या आणि खपल्या. पण भावाभावांचे पटेना. १९३८ त दोघे वेगळे झाले.

आता त्यांना 'बिल' म्हणणे पुरे. मन्रोंनी स्वतःचा ताफा काढला. केंटकीत एक निळसर गवत होते, त्यावरून त्या राज्यालाच ब्लूग्रास म्हणतात. तेच नाव ताफ्याला दिले. १९३९ च्या ऑक्टोबरात नॅशव्हिल शहरातल्या 'ग्रँड ओल ऑप्री' या रेडिओच्या कार्यक्रमात त्यांना घेतले, आणि ते नाते अखेरपर्यंत टिकले.

या संगीतात तबला, ढोल काही नसते. मग ठेका कोण धरणार? मॅन्डोलिन. तारा जोराने छेडून लगेच दाबून टाकायच्या, की खट् असा आवाज येतो, अगदी आपल्या भजनातल्या टाळाच्या दाबल्या ठोक्यासारखा. मी भजनात टाळ वाजवते, तेही पेटी आणि तबला दुसऱ्यांनी घेतल्यामुळेच! म्हणून हे मला बरोबर कळले. आणि गती अशी, की ऐकताना मला धाप लागते. १९४५ साली अर्ल स्क्रग्ज हा बँजो वाजवणारा तरुण आला, लेस्टर फ्लॅट गिटारवर होतेच. त्या ताफ्याने जे वाजवले त्यालाच लोक पुढे ब्लूग्रास म्हणू लागले. एका ताफ्याचे नाव साऱ्या गाण्याच्या जातीला पडले.

मंडळात सांगण्याजोगे आणखी एक. ताफ्याचे नाव 'बॉइज', म्हणजे पोरांचा. पण महायुद्धाच्या काळात त्यात सॅली अ‍ॅन फॉरेस्टर ही बाई होती. नवरा त्याच ताफ्यात फिडल वाजवी, तो आरमारात गेला. ही मागे राहून अकॉर्डियन वाजवी, गाई आणि तंबूतल्या खेळाच्या तिकिटांचे पैसेही सांभाळी. हिशेब बाईच्या हाती, हे अमेरिकेतही तसेच!

१९४६ साली मन्रोंनी केंटकीच्या निळ्या चंद्रावरचे गाणे रेकॉर्ड केले. संथ, तीन मात्रांच्या ठेक्याचे. १९५४ साली एल्व्हिस प्रेस्ली या नवख्या पोराने पहिल्याच रेकॉर्डीत तेच गाणे उडत्या चालीवर गायले. मन्रो रागावले नाहीत. त्यांनीही ते पुन्हा रेकॉर्ड केले, आधी संथ आणि मग पळते. पण प्रत्येक वेळी ते असे मोठे मन दाखवत, असे नाही. फ्लॅट आणि स्क्रग्ज १९४८ त सोडून गेले, तर त्यांच्याशी वीसएक वर्षे धड बोलले नाहीत. १९७१ त फ्लॅटशी दिलजमाई झाली. एवढा मोठा माणूस, पण हा अबोला मला पटला नाही. जावाजावांतही इतका टिकत नाही.

त्यांचे मॅन्डोलिन १९२३ सालचे, गिब्सन कंपनीचे. ते त्यांना मायामीतल्या एका न्हाव्याच्या दुकानात दीडशे डॉलरला मिळाले. एकदा दुरुस्तीला पाठवले, ते मनासारखे होऊन आले नाही, तर रागाने त्यावरचे कंपनीचे नाव चाकूने खरवडून काढले. १९८५ च्या नोव्हेंबरात कोणी घरात शिरून ते शेगडीच्या सळईने फोडले. त्याचा पार चुरा झाला. मन्रो तेव्हा चौऱ्याहत्तरीत होते. नवीन कितीही मिळाली असती. पण सारे तुकडे गोळा करून त्याच गिब्सन कंपनीकडे पाठवले. चार्ली डेरिंग्टन या कारागिराने काही महिने बसून कपची कपची जुळवली, आणि १९८६ त मन्रो पुन्हा त्यावर वाजवू लागले. मला साऱ्या चरित्रात हाच भाग जास्त आवडतो. फुटलेली कपबशी टाकवत नाही म्हणून घरचे मला हसतात.

१९९५ साली त्यांना सरकारचे कलापदक मिळाले. ९ सप्टेंबर १९९६ रोजी ते वारले, पंचाऐंशी पुरी व्हायला चार दिवस होते. रोझीनलाच त्यांना पुरले आहे.

आता एक विनंती. धाकटीने ते निळ्या चंद्राचे गाणे मॅन्डोलिनवर बसवले आहे. आज ती आली आहे, पण पडद्यामागे बसली आहे. तिथूनच वाजवीन म्हणाली, मी बरे म्हटले. आठही तारा नव्या घातल्या आहेत. पडद्याची दोरी तिच्याच हातात दिली आहे, तेव्हा कोणी ओढायला जाऊ नये. पेटीवाल्या काकूंनी जरा सूर द्यावा. मी खाली बसते.