काऊ-चिऊचे घर आणि बडोद्याचा विनोद



मराठी मूल आयुष्यात पहिली गोष्ट ऐकते ती बहुधा राजाराणीची नसते, रामरावणाचीही नसते. ती एका घरगुती अपघाताची असते. पाऊस येतो, काऊचे शेणाचे घर वाहून जाते, भिजलेला काऊ चिऊच्या दाराशी येऊन उभा राहतो, आणि चिऊ आतून एकामागून एक कामे सांगत राहते. बाळाची आंघोळ व्हायची आहे, बाळाला तीट लावायची आहे, बाळाला निजवायचे आहे. दार शेवटी उघडते की नाही, आणि उघडल्यावर काऊच्या वाट्याला काय येते, हे सांगणाऱ्या आजीच्या मर्जीवर अवलंबून. काऊ बाहेर कुडकुडतो आहे याचे मुलाला वाईट वाटते आणि तरीही ते खुदकन हसते. वाईट वाटणे आणि हसू येणे या दोन गोष्टी एकाच क्षणी घडू शकतात, हे त्याला तेव्हा प्रथम कळते. मोठ्यांच्या साहित्यात मात्र हे कळायला मराठीला बराच काळ जावा लागला. ज्या लेखकाने ते सर्वांत सहजपणे करून दाखविले, त्याची कर्मभूमी सयाजीगंजातील बडोदे कॉलेज होती.

श्रीपाद कृष्ण कोल्हटकर यांचा 'साक्षीदार' हा पहिला विनोदी लेख १९०२ साली प्रसिद्ध झाला आणि १९१० मध्ये 'सुदाम्याचे पोहे' पुस्तकरूपाने आले. सुदामा, बंडूनाना आणि पांडुतात्या ही त्रयी मराठी वाचकाला भेटली. पण हे तिघे घरात फारसे रमले नाहीत. त्यांची स्वारी निघे ती रूढींवर, भोळ्या समजुतींवर. कोल्हटकरांना समाज सुधारावयाचा होता आणि विनोद हे त्यांचे शस्त्र होते. त्यांचे शिष्य राम गणेश गडकरी यांनी 'बाळकराम' या नावाने ठकीच्या लग्नाची मोहीम काढली, तेव्हा विनोदाने घराचा उंबरठा ओलांडला खरा; परंतु गडकऱ्यांची कल्पनाशक्तीच अशी अफाट की, त्या घराचे छप्पर पहिल्याच पानावर उडून जाते. वाचक थक्क होतो, पोट धरधरून हसतो, मात्र हे आपल्या शेजारच्या बिऱ्हाडात घडले असेल असे त्याला वाटत नाही.

१९२१ साली बडोद्यास भरलेल्या साहित्य संमेलनाचे अध्यक्ष नरसिंह चिंतामण केळकर होते. हसू का येते, याचा शास्त्रशुद्ध विचार मराठीत ज्यांनी हिरिरीने केला त्यांत केळकर अग्रगण्य. 'सुभाषित आणि विनोद' हा त्यांचा ग्रंथ तेव्हा प्रसिद्ध होऊन गेला होता. 'हास्यविनोदमीमांसा' पुढे १९३७ मध्ये आली. योगायोग असा की, विनोदाचा हा मीमांसक बडोद्यात अध्यक्षस्थानी बसला त्या सुमारास पुण्याहून आलेला एक तरुण प्राध्यापक याच नगरीत स्थिरावत होता. त्याचा विषय विनोद नव्हता. तो पाली भाषा शिकवीत असे.

चिंतामण विनायक जोशी यांचा जन्म १८९२ सालचा, पुण्याचा. पालीचे व्याकरण, जातककथा आणि बुद्धचरित्र हे त्यांच्या व्यासंगाचे क्षेत्र. पुढे बडोदे संस्थानच्या दफ्तरखान्याची जबाबदारीही त्यांच्याकडे आली. म्हणजे सकाळी पाली, दुपारी जुनी दफ्तरे! अशा माणसाकडून फार तर टीपांनी भरलेला एखादा जाडजूड ग्रंथ अपेक्षावा. त्याऐवजी १९३२ मध्ये 'एरंडाचे गुऱ्हाळ', १९३३ मध्ये 'चिमणरावाचे चऱ्हाट' आणि १९३६ मध्ये 'वायफळाचा मळा' बाहेर पडले. शीर्षकेच पाहावीत. गुऱ्हाळ आहे पण उसाचे नाही, मळा आहे पण पिकणार काही नाही, आणि चऱ्हाट तर कितीही वळले तरी संपायचे नाही. विद्वानाने स्वतःच्या पुस्तकांना अशी नावे देण्यास एक प्रकारचे धैर्य लागते.

चिमणरावाच्या घरातील मंडळींची नावे प्रत्येकाला ठाऊक आहेत. पण ती एकत्र उच्चारून पाहावीत. चिमणराव, काऊ, राघू, मैना, मोरू. सगळा पिंजराच! बाळपणीच्या गोष्टीतील चिमणी आणि कावळा येथे एकाच छपराखाली संसार करतात. फक्त चिमणी हा नवरा झाला आहे आणि कावळा ही बायको. या पाखरांच्या घरात धिप्पाड देहाचा, मोठ्या आवाजाचा गुंड्याभाऊ शिरतो तो मदतीसाठी, आणि त्याची मदत सुरू झाली की साधी अडचण हां हां म्हणता संकट बनते. लग्न जुळविणे, प्रवासाला निघणे, पाहुणे येणे, दुखणे निघणे यापलीकडे या कथांना मोठा विषय नाही. चिमणराव भित्रा आहे, किडकिडीत आहे, थोडा बढाईखोरही आहे. स्वतःची फजिती तो स्वतःच सांगतो आणि ती इतक्या गंभीरपणे सांगतो की, ही फजिती आहे हे त्याला कळले आहे की नाही याचीच वाचकाला शंका यावी.

इंग्रजी वाचकाला हा प्रकार अपरिचित नव्हता. जेरोम के. जेरोम यांच्या १८८९ च्या होडीप्रवासाच्या पुस्तकातील पॉजरकाका भिंतीवर एक तसबीर टांगावयास निघतात आणि साऱ्या घराला कामाला लावून अर्धी रात्र करतात. ग्रॉसस्मिथ बंधूंचा पूटर हा लंडनचा कारकून आपल्या क्षुद्र मानापमानांची रोजनिशी इमानेइतबारे लिहितो. ती पुस्तकरूपाने निघाली १८९२ मध्ये, म्हणजे चिं. विं.च्या जन्मसालीच. चिमणराव आणि पूटर यांना एकमेकांशेजारी बसविले तर दोघांच्या गप्पा सहज जमतील. तरी एक फरक राहतोच. पॉजरकाकांच्या हातून तसबिरीची काच फुटते तेव्हा बोट कापते, आरडाओरडा होतो आणि प्रकरण मिटते. मराठी कारकुनाच्या घरी कंदिलाची काच फुटली तर ती नवी आणावी लागते, आणि ती या महिन्यात आणावयाची की पुढच्या, हा प्रश्न उरतो. अपघात क्षुल्लक असतो, खर्च क्षुल्लक नसतो. चिं. वि. हा हिशेब बोलून दाखवीत नाहीत. पण तो त्यांना पक्का माहीत आहे, आणि म्हणूनच ते चिमणरावाला हसतात, त्याला हिणवीत मात्र नाहीत. ओढगस्तीच्या घरात अब्रू ही एकच वस्तू फुटलेली परवडत नाही. चिमणरावाची सारी धडपड ती सावरण्यासाठी चाललेली असते.

हे सगळे घडते पुण्यात, आणि लिहिले गेले बडोद्यात. विश्वामित्रीच्या काठी राहून मुठेकाठच्या वाड्यांचे असे बारीक चित्र कसे रेखाटता आले, असा प्रश्न काहींना पडतो. खरे पाहता ते तेथूनच नीट दिसत असावे. जे घर सोडून आलो त्याच्या दारांचे कुरकुरणे दूर गेल्यावरच स्पष्ट ऐकू येते. बडोद्याच्या मराठी माणसाला हे समजावून सांगण्याची गरज नाही. त्याचे घर मराठी आणि रस्ता गुजराती. या दोहोंच्या सीमेवर, म्हणजे उंबरठ्यावर, रोज काही ना काही सांडते. नव्याने आलेल्या सूनबाईंना शेजारीण आपुलकीने 'जम्या?' असे विचारते. त्या समजतात, काहीतरी जमले की नाही याची चौकशी आहे, आणि 'अजून नाही, पण जमेल हळूहळू' असे विनयाने सांगतात. शेजारीण बिचारी जेवणाचे विचारीत असते. ती लगबगीने ताट वाढून आणते. 'खोटुं लाग्युं?' या प्रश्नाने तर याहून पंचाईत होते. समोरचा विचारतो आहे, 'वाईट वाटले का?' आणि ऐकणाऱ्याला वाटते की, आपल्या बोलण्याच्या खरेपणावरच संशय घेतला गेला. मग त्याला खरोखरच वाईट वाटते. अशा गैरसमजांतून शेजार जुळत गेले. मराठी उसळीवर गुजराती शेव पडली आणि तिची 'सेव उसळ' झाली, ती आता बडोद्याची म्हणूनच ओळखली जाते. गुजरातीतही घरातील विनोदाला हाच मान मिळाला. धनसुखलाल मेहता आणि ज्योतींद्र दवे यांची 'अमे बधां' ही हास्यकादंबरी सुरतेच्या कुटुंबजीवनाची, आणि तीही चिमणरावाच्याच दशकातली.

कॉलेजच्या घुमटापासून कमाटी बाग हाकेच्या अंतरावर. १८७९ मध्ये उभारलेल्या या बागेत रविवारी मुलांना घेऊन जाणे, संग्रहालयातील देवमाशाचा सांगाडा त्यांना दहाव्यांदा दाखविणे, परतताना धाकट्याची एक चप्पल हरविलेली आढळणे आणि ती शोधावयास पुन्हा फाटकापासून सुरुवात करणे, ही बडोद्यातील कित्येक पिढ्यांची करमणूक आहे. चप्पल सापडो वा न सापडो, तो रविवार पुढे वर्षानुवर्षे सांगितला जातो. ज्या रविवारी काहीच हरवले नाही, तो कोणाच्या लक्षातही राहत नाही.

चिं. विं.च्या दोन व्यासंगांचे नाते काय, याचा विचार मात्र कोणी फारसा केलेला दिसत नाही. पाली हा अभ्यास आणि विनोद हा विरंगुळा, अशी सोयीस्कर वाटणी करून टीकाकार मोकळे होतात. ही वाटणी पटण्यासारखी नाही. जातकसंग्रहातील ५४७ कथांत कितीतरी कथा घरगुती फजितीच्याच आहेत. बडबड न आवरल्यामुळे आकाशातून खाली पडणारे कासव त्यांत आहे. बायकोला डोहाळे लागले म्हणून माकडाचे काळीज आणावयास निघालेला आणि हात हलवीत परत आलेला सुंसुमार, म्हणजे मगर, त्यांत आहे. संकट दारात उभे आहे, त्याचे मूळ घरातल्या एका हट्टात आहे आणि नवऱ्याची बुद्धी बेताची आहे! चिमणरावाला ही कथा सांगितली असती तर त्याला त्या मगरीची दया आली असती. जातककथेचा सांगणारा मूर्खावर चिडत नाही. जन्मोजन्मीचा हिशेब मांडणाऱ्याला एका जन्मातील मूर्खपणाचे एवढे काय वाटावे? ही शांत, किंचित थकलेली करुणा चिमणरावाच्या कथांतही आहे, आणि ती तेथे पालीच्या वर्गातूनच आली असावी असे मानण्यास जागा आहे.

आणि मगर म्हटली की बडोदेकराला जातक आठवत नाही, विश्वामित्री आठवते. २०२४ च्या ऑगस्टअखेर नदीचे पाणी शहरात शिरले तेव्हा मगरीही वस्त्यांतून फिरल्या, हे साऱ्या देशाने पाहिले. त्या पुरात फार नुकसान झाले आणि त्यात हसण्यासारखे काही नव्हते. पण पाणी ओसरल्यावर घराघरांतून जे सांगितले गेले, ते ऐकण्यासारखे होते. तळमजल्यावरचा संसार माळ्यावर चढविताना तांदळाचा डबा खालीच राहिला आणि दिवाळीच्या रांगोळीचा डबा मात्र सुरक्षित वर पोचला; शेजाऱ्यांशी सहा महिने अबोला होता तो एकाच गच्चीवर दोन रात्री काढाव्या लागल्याने आपोआप मिटला; अशा गोष्टी सांगताना माणसे हसत होती आणि डोळेही पुशीत होती. काऊचे घर वाहून गेले होते, आणि या खेपेस चिऊने दार लगेच उघडले होते.

चिमणरावाला पुढे मोठा प्रेक्षकवर्ग लाभला. मास्टर विनायक यांनी 'लग्न पहावे करून' (१९४०) आणि 'सरकारी पाहुणे' (१९४२) हे चित्रपट काढले; त्यांत दामुअण्णा मालवणकर आणि विष्णुपंत जोग ही जोडी शोभली. १९६३ मध्ये चिं. वि. निवर्तले. त्यानंतर दीड दशकाच्या आत मुंबई दूरदर्शनने दिलीप प्रभावळकर आणि बाळ कर्वे यांच्या रूपाने ती जोडी पुन्हा घराघरांत पोचविली.

या लेखनाची एक उणीव सांगितल्यावाचून हा विषय पुरा होणार नाही. चिमणरावाच्या घराचा सगळा वृत्तान्त चिमणराव सांगतो. चूल विझली, दूध नासले, पाहुण्यांची संख्या ऐनवेळी दुप्पट झाली, हे प्रसंग निस्तरले असतील ते काऊने. तिचे चऱ्हाट कोणी वळले नाही. नवऱ्याच्या प्रत्येक नव्या बेताची किंमत चुकविणाऱ्या बाईला त्या बेतात किती विनोद दिसत होता, हे त्या कथांतून कळत नाही. चिं. विं.च्या सहृदयतेलाही येथे मर्यादा पडली, हे मान्य केले पाहिजे.

परंतु त्याच दशकात, १९३४ पासून १९३७ पर्यंत, लक्ष्मीबाई टिळकांच्या 'स्मृतिचित्रां'चे चार भाग प्रसिद्ध झाले. घरात येणारी जिन्नसन् जिन्नस धुवून घ्यावयास लावणारे वडिलांचे सोवळे, आणि पुढे लहरी, तापट, हातात पैसा न टिकणाऱ्या कवीशी केलेला संसार. त्यात दुःख काही थोडेथोडके नाही. घर अनेकदा मोडले आणि अनेकदा मांडले गेले. तरीही लक्ष्मीबाई ते ज्या मिस्किलपणे सांगतात, तो मिस्किलपणा भल्याभल्या विनोदकारांना साधलेला नाही. त्यात कोणावर सूड नाही आणि स्वतःची कीवही नाही. ग्रंथालयाच्या मांडणीत 'चिमणरावाचे चऱ्हाट' विनोदाच्या कपाटात असते आणि 'स्मृतिचित्रे' आत्मचरित्रांच्या. एकदा दोन्ही पुस्तके बरोबर घरी न्यावीत आणि आधी चिमणरावाचे वाचून मग लक्ष्मीबाईंचे उघडावे. पहिल्या पुस्तकात काऊ स्वयंपाकघरातून जे बोलली नाही, त्यातले बरेचसे दुसऱ्यात ऐकू येते.