साखरेचा नुक्ता

साखर म्हटलं की आपल्याला चहा आठवतो, ऊस आठवतो आणि चाळिशी उलटलेल्यांना रक्ततपासणीचा कागद आठवतो. आज मी ज्या साखरेविषयी बोलणार आहे, ती वाण्याकडे मिळत नाही. ती आपल्या पेशींच्या अंगावर असते, मखमलीवर लव असावी तशी. तिच्या साखळ्या असतात, साखळ्यांना फांद्या फुटतात. दारात आलेल्याला आत घ्यायचं की नाही, हे पुष्कळदा या साखळ्यांवरच ठरतं.

मी बी.ए. झालेला, कविता लिहिणारा माणूस. विज्ञान मला अक्षरांच्या वाटेनं समजतं. उर्दूत ‘खुदा’ आणि ‘जुदा’ हे शब्द लिहून पाहा. आकार तोच, नुक्ता वर दिला तर खुदा, खाली दिला तर जुदा. ईश्वर आणि ताटातूट यांच्यामध्ये शाईचा एक ठिपका! साखरेचंही तसंच आहे. भाकरीतला स्टार्च आणि सदऱ्याचं सूत, दोन्ही ग्लुकोजच्याच साखळ्या. फरक आहे तो जोडाच्या दिशेचा. एवढ्या फरकानं एक आपल्याला पचतं, दुसरं पचत नाही.

हा नुक्ता जिवाशी कसा येतो, ते सांगतो. फेब्रुवारी 2006 मध्ये नंदुरबार जिल्ह्यातल्या नवापूरला कोंबड्यांमध्ये बर्ड फ्लू आढळला. भारतातली ती पहिलीच वेळ. लाखो कोंबड्या माराव्या लागल्या. माणसांचे नमुने पुण्याच्या राष्ट्रीय विषाणू संस्थेत, म्हणजे 1952 साली सुरू झालेल्या आपल्या ‘एनआयव्ही’त तपासले गेले. माणसांत लागण आढळली नाही.

कोंबडीचा हा रोग माणसाला सहजासहजी का होत नाही? कारणं अनेक आहेत. त्यातलं एक साखरेचं. फ्लूचा विषाणू पेशीत शिरण्याआधी साखळीच्या टोकाला असलेलं सियालिक आम्ल धरतो. हीसुद्धा एक साखरच. ती शेजारच्या गॅलॅक्टोजच्या तिसऱ्या कार्बनला जोडलेली असेल, तर पक्ष्यांच्या फ्लूला मानवते. सहाव्याला जोडलेली असेल, तर माणसांच्या फ्लूला. आपल्या नाकाघशात सहावा जोड जास्त. तिसरा असतो तो फुप्फुसात खोलवर. पण विषाणू सतत बदलत असतो. त्याची आवड तिसऱ्यावरून सहाव्यावर गेली, तर माणसांतल्या साथीच्या दिशेनं ते एक पाऊल ठरेल. म्हणून ही आवड वेळोवेळी तपासावी लागते.

तपासायची कशी? त्यासाठी एकाच जोडाची साखर हाताशी हवी, आणि निसर्गात तर सगळी सरमिसळ. ती रसायनांनी घडवायची म्हटलं, तर काम किचकट. साखरेच्या एका रेणूला सारखेच दिसणारे अनेक हात असतात. हवा तो एक मोकळा ठेवून बाकीचे झाकायचे, जोड झाला की पुन्हा उघडायचे, आणि हे प्रत्येक कडीला.

एन्झाइमना, म्हणजे शाळेच्या पुस्तकातल्या विकरांना, हा खटाटोप लागत नाही. पाण्यात, साधारण शरीराच्या उबेत, नेमका आपला हात ओळखून ती जोड करतात. जोडायची साखर त्यांच्याकडे एकटी येत नाही. एका वाहक रेणूच्या पाठीवर बसून येते. असे वाहक शोधून काढणारे अर्जेंटिनाचे लुई लेलुआर यांना 1970 चं रसायनशास्त्राचं नोबेल मिळालं.

आता विषाणूची परीक्षा पाहा. तांबड्या रक्तपेशी घ्यायच्या. एका एन्झाइमनं त्यांच्यावरचं सियालिक आम्ल काढून टाकायचं, पाटी पुसावी तसं. मग काही पेशींवर दुसऱ्या एन्झाइमकडून फक्त तिसरा जोड लिहून घ्यायचा, काहींवर तिसऱ्या एन्झाइमकडून फक्त सहावा. त्यात विषाणू सोडायचा. त्यानं साखर धरली, तर पेशींचं जाळं पसरतं. धरली नाही, तर पेशी घरंगळून तळाशी लाल ठिपका होऊन बसतात. इथंही उत्तर ठिपक्यातच!

भारतात सापडलेल्या बर्ड फ्लूच्या विषाणूंना कोणता जोड मानवतो, याचा अभ्यास एनआयव्हीच्या संशोधकांनी 2012 साली प्रसिद्ध केला. बहुतेकांची पसंती पक्ष्यांच्याच साखरेला होती. काही थोडे मात्र दोन्ही जोड धरू शकत होते. हे ‘थोडे’ लक्षात ठेवण्याजोगे आहेत. 2021 मध्ये हरियाणातला एक मुलगा बर्ड फ्लूनं दगावला. त्याचं निदान पक्कं झालं ते पुण्यातच.

भीती घालण्यासाठी हे सांगत नाही. चांगलं शिजवलेलं चिकन, उकडलेलं अंडं खुशाल खावं. सांगायचं ते एवढंच, की विषाणूचं अक्षर वाचणारी माणसं आणि ते लिहून देणारी विकरं आपल्याकडे आहेत. पण वाचायला कागद तर पोचला पाहिजे. कोंबड्या एकाएकी मरू लागल्या, तर पोल्ट्रीवाल्याला पहिला मोह होतो तो लपवण्याचा, कारण त्याचं पोटच त्यावर असतं. त्याला भरपाई वेळेवर मिळाली, तर तो स्वतःहून पशुवैद्यकीय दवाखान्यात जाईल. त्यानं आणलेल्या नमुन्यापासूनच हे सगळं वाचन सुरू होतं.

(आकाशवाणीवरील भाषण, संपादित)